संकटकाळ, घरातील घातक साधने आणि सुरक्षित साठवण : बंदूक व कीटकनाशक यांचा इंझोरीच्या संदर्भात एकत्रित विचार

प्रस्तावना

मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात दोन देशांनी, परस्परांशी कोणताही विचारविनिमय न करता, जवळपास सारखाच निर्णय घेतला. भारतात २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली होती. २७ मार्च रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आपल्या आदेशाला पुरवणी जोडून बियाणे, खते व कीटकनाशके यांची दुकाने टाळेबंदीतून वगळली. दुसऱ्याच दिवशी, २८ मार्च रोजी, अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने अत्यावश्यक सेवांच्या मार्गदर्शक यादीत बंदूक व दारूगोळा विक्रेत्यांचा समावेश केला. दोन्ही निर्णयांना आपापली कारणे होती. येथे खरीप हंगाम दोन महिन्यांवर आला होता आणि शेती थांबविणे शक्य नव्हते. तेथे शस्त्र बाळगण्याचा अधिकार राज्यघटनेशी जोडलेला आहे. परंतु दोन्ही निर्णयांचा एक परिणाम समान होता. माणसे भीती, मिळकतीची अनिश्चितता व एकाकीपणा घेऊन घरात कोंडली गेली असताना, क्षणात जीव घेऊ शकणारी वस्तू त्याच घरात येत राहिली.

ही वस्तू अमेरिकेत बंदूक असते, तर वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावात ती कीटकनाशकाची बाटली असते. सार्वजनिक आरोग्याच्या संकटात घरातील घातक साधनांचे काय करावे, ती कोठे ठेवावीत, त्यांची किल्ली कोणाकडे असावी, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत. मराठीत शेतकरी आत्महत्यांवर विपुल लेखन झाले आहे. त्यात कर्ज, सिंचन, हमीभाव व पीकविमा यांची चर्चा आढळते. मृत्यूच्या साधनाची चर्चा मात्र अभावानेच होते. प्रस्तुत लेखाचा उद्देश हा दुर्लक्षित भाग स्पष्ट करणे आणि ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापकांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व सांगणे हा आहे.

१. साधनाची उपलब्धता : संकल्पना

'ज्याला मरायचेच आहे तो काहीही करून मरेल' हा समज समाजात सर्वत्र रुजलेला आहे. सार्वजनिक आरोग्यशास्त्राने गेल्या पन्नास-साठ वर्षांत गोळा केलेला पुरावा या समजाच्या विरुद्ध जातो.

पहिली गोष्ट काळाची. आत्मघाताची तीव्र ऊर्मी बहुधा अल्पकाळ टिकते. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात अशा प्रयत्नातून वाचलेल्या १३ ते ३४ वयोगटातील १५३ व्यक्तींचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश व्यक्तींच्या बाबतीत निर्णय व कृती यांच्यातील अंतर पाच मिनिटांहून कमी होते. दुसरी गोष्ट पुढील आयुष्याची. जे एकदा वाचतात त्यांच्यातील बहुसंख्य, साधारणपणे दहातील नऊ, पुढे आत्महत्येने मरण पावत नाहीत. तिसरी गोष्ट साधनाची. त्या काही मिनिटांत हाताशी काय आहे यावर जगणे-मरणे ठरते. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांतील सुमारे नऊ प्राणघातक ठरतात, तर इतर अनेक साधनांच्या बाबतीत वाचण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे साधनापर्यंतची वाट लांबविणे हाही जीव वाचविण्याचा एक मार्ग ठरतो. इंग्लंड व वेल्समध्ये १९६३ साली ५,७१४ आत्महत्या झाल्या होत्या. १९७५ साली ही संख्या ३,६९३ वर आली. या काळात घरगुती वापराच्या कोळसावायूतील विषारी घटक कमी होत गेला व पुढे त्याची जागा नैसर्गिक वायूने घेतली. हेतू आत्महत्या रोखण्याचा नव्हता, परंतु स्वयंपाकघरातील घातक साधन नाहीसे होताच हजारो जीव वाचले. त्या सर्वांनी दुसरा मार्ग शोधला नाही. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये सुट्टीवर घरी जाणाऱ्या तरुण सैनिकांनी बंदूक छावणीतच ठेवावी असा नियम केला. त्यानंतर त्या वयोगटातील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. सैनिकांचे दुःख त्या नियमाने कमी झाले नव्हते. बदलले होते ते बंदूक व घर यांच्यातील अंतर.

२. महामारीतील बंदूकखरेदी

अमेरिकेत बंदूक विकण्यापूर्वी खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासली जाते. केंद्रीय तपास यंत्रणेकडे २०१९ मध्ये अशा सुमारे २ कोटी ८४ लक्ष तपासण्यांची नोंद झाली होती. २०२० मध्ये हा आकडा सुमारे ३ कोटी ९७ लक्षांपर्यंत गेला. प्रत्येक तपासणी म्हणजे एक खरेदी नव्हे, तरीही कल स्पष्ट आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार जानेवारी २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात सुमारे ७५ लक्ष प्रौढांनी आयुष्यात प्रथमच बंदूक घेतली. त्यांपैकी ५० लक्षांहून अधिक व्यक्ती पूर्वी बंदूक नसलेल्या घरात राहत होत्या. भय हे या खरेदीचे कारण होते, व भय घालविण्यासाठी आणलेली वस्तू मुलाबाळांसह सर्वांच्या सहवासात आली.

या खरेदीचा परिणाम सांगताना सावधगिरी आवश्यक आहे. २०२० मध्ये अमेरिकेत बंदुकीमुळे ४५,२२२ मृत्यू झाले. त्यांतील २४,२९२, म्हणजे निम्म्याहून अधिक, आत्महत्या होत्या. परंतु त्या वर्षीची मोठी वाढ हत्यांमध्ये होती, आत्महत्यांमध्ये नव्हती. म्हणून एका वर्षाच्या आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढता येत नाही. दीर्घकालीन अभ्यास अधिक बोलका आहे. कॅलिफोर्निया राज्यातील २ कोटी ६० लक्षांहून अधिक प्रौढांच्या २००४ ते २०१६ या काळातील नोंदींचा अभ्यास २०२० मध्येच प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या होण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे आठपट, तर स्त्रियांमध्ये सुमारे पस्तीसपट आढळले. हा धोका खरेदीनंतर लगेच सर्वाधिक होता. तथापि निम्म्याहून अधिक मृत्यू खरेदीला एक वर्ष उलटून गेल्यानंतर झाले.

या शेवटच्या निरीक्षणाचा अर्थ महत्त्वाचा आहे. संकट काही महिन्यांत ओसरते, पण त्या संकटात घरात आलेली वस्तू वर्षानुवर्षे घरातच राहते. म्हणून खरेदीइतकाच, किंबहुना अधिक, साठवणीचा विचार करावा लागतो. बंदुकीच्या बाबतीत सुरक्षित साठवणीचे चार नियम सांगितले जातात. बंदूक कुलपात असावी, ती भरलेली नसावी, गोळ्या वेगळ्या ठेवाव्यात व त्या गोळ्याही कुलपात असाव्यात. यांतील प्रत्येक नियम पाळणाऱ्या घरांत मुलांच्या आत्महत्या व अपघाती इजा कमी आढळतात, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासाने दाखविले आहे.

३. महाराष्ट्रातील बंदूक : परवाना व जमा करण्याची पद्धत

भारतात याच काळात उलट दिशेने पाऊल पडले होते. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन सर्वसाधारण परवानाधारकास बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. अतिरिक्त शस्त्र एका वर्षाच्या आत जमा करावयाचे होते. म्हणजे अमेरिकेत बंदुका घरी येत असताना येथे काही बंदुका घराबाहेर जात होत्या.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात परवान्याची बंदूक मुख्यतः पीकरक्षणाशी निगडित आहे. १९५९ च्या अधिनियमात प्रामाणिक पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांत शेतीसंरक्षणाच्या अशा बंदुका परिचयाच्या आहेत. वाशिम जिल्ह्यातही रोही व रानडुक्कर यांचा उपद्रव मोठा आहे. येथील शेतकरी मात्र बहुधा जागली करून, कुंपण घालून किंवा फटाके फोडून पीक राखतो. बंदूक ही इंझोरीतील सर्वसामान्य घराची वस्तू नव्हे.

तरीही बंदुकीच्या संदर्भातील एक प्रशासकीय प्रथा येथे विचारात घेण्यासारखी आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की जिल्हा प्रशासन परवानाधारकांची छाननी करते व आवश्यक वाटेल त्यांच्याकडील शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेते. जमा करणाऱ्याला पावती मिळते व निवडणूक संपल्यावर शस्त्र परत केले जाते. ऐन पिकाच्या दिवसांत बंदूक जमा करावी लागते, अशी कोकणातील शेतकऱ्यांची तक्रार असते व ती निराधार नाही. पण या प्रथेमागील तत्त्व मोलाचे आहे. शस्त्र जमा करणारा गुन्हेगार आहे असे येथे कोणी म्हणत नाही, त्याचा परवानाही रद्द होत नाही. केवळ तणावाच्या ठरावीक दिवसांत घातक साधन घरापासून दूर ठेवावे, एवढेच गृहीत धरलेले असते. हे तत्त्व बंदुकीपुरते मर्यादित का असावे, असा प्रश्न उपस्थित होतो.

४. इंझोरीच्या घरातील 'औषध'

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२० मध्ये देशात १,५३,०५२ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी १९,९०९ महाराष्ट्रातील होत्या व राज्यांमध्ये ही संख्या सर्वाधिक होती. शेतीक्षेत्रातील १०,६७७ आत्महत्यांपैकी ४,००६ एकट्या महाराष्ट्रातील होत्या. २०२२ मध्ये हे राज्यातील आकडे अनुक्रमे २२,७४६ व ४,२४८ झाले. साधनाच्या दृष्टीने पाहता देशातील आत्महत्यांत बंदुकीचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे, तर विषाचा वाटा पोलीस नोंदींनुसार सुमारे एक चतुर्थांश आहे. देशव्यापी मृत्युकारण सर्वेक्षणावर आधारित आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो सुमारे निम्मा सांगितला होता व त्यात शेतीतील कीटकनाशके प्रमुख होती. अमेरिकेत जे स्थान बंदुकीचे, ते ग्रामीण भारतात कीटकनाशकाचे आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

वाशिम हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला जिल्हा. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वर्धा यांच्यासह वाशिमचा समावेश होता. सोयाबीन, तूर, कपाशी व रब्बीतील हरभरा या पिकांवर येथील संसार चालतो. मृगापासून दिवाळीपर्यंत फवारणीचा काळ असतो. कृषी सेवा केंद्रातून हंगामाचा माल अनेकदा उधारीवर एकदम आणला जातो. चोरीच्या भीतीने तो शेतात ठेवला जात नाही. मग घरातील कोनाडा, फळी, माळा किंवा गोठ्याचा कोपरा हीच त्याची जागा होते. हंगाम संपल्यावर उरलेली अर्धी बाटली 'पुढच्या साली कामी येईल' म्हणून तेथेच राहते. कॅलिफोर्नियातील पिस्तुलाप्रमाणे येथेही गरज संपते आणि वस्तू उरते.

यात भाषेचाही वाटा आहे. दुकानाच्या पाटीवर 'बियाणे, खते व औषधे' असे लिहिलेले असते. शेतकरी 'औषध आणले', 'औषध मारले' असेच म्हणतो. पिकाच्या दृष्टीने ते औषध आहे, माणसाच्या दृष्टीने विष. एकाच शब्दामुळे खोकल्याची बाटली व फवारणीची बाटली एकाच फळीवर ठेवण्यात कोणाला विसंगती वाटत नाही. वस्तुतः कीटकनाशक अधिनियम, १९६८ व त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार प्रत्येक वेष्टनावर विषारीपणा दर्शविणारे चिन्ह छापणे बंधनकारक आहे. त्या चिन्हाच्या खालच्या त्रिकोणाचा रंग तांबडा असेल तर पदार्थ अत्यंत विषारी असतो. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा उतरता क्रम आहे. हे चार रंग ओळखता येणे हे फवारणीच्या पंपाइतकेच आवश्यक ज्ञान आहे.

अपुऱ्या काळजीचे परिणाम विदर्भाने अनेकदा अनुभवले आहेत. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. महामारीने घरोघरी व संस्थांमध्ये आणखी एक अनोळखी द्रव आणला, तो म्हणजे सॅनिटायझर. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात पोलिओ डोसऐवजी सॅनिटायझर दिले गेल्याने १२ बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती वाचली. एप्रिल २०२१ मध्ये त्याच जिल्ह्यातील वणी येथे, मद्याची दुकाने बंद असताना, सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा मृत्यू झाला. या घटनांची कारणे वेगवेगळी आहेत. त्यांतून एक गोष्ट मात्र दिसते. संकटकाळात नव्या घातक वस्तू वेगाने घरात येतात, त्या ठेवण्याच्या सवयी मात्र तितक्या वेगाने येत नाहीत.

५. कुलूपपेटी पुरेशी आहे काय?

वरील विवेचनावरून 'प्रत्येक घरी कुलपाची पेटी द्यावी' हा उपाय सहज सुचतो. तो नेमका किती उपयोगी आहे हे पाहण्यासाठी श्रीलंकेत जगातील सर्वांत मोठी चाचणी झाली. १८० गावांतील ५३ हजारांहून अधिक कुटुंबे तिच्यात समाविष्ट होती. निम्म्या गावांत कीटकनाशक ठेवण्यासाठी कुलूपबंद पेट्या देण्यात आल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अपेक्षाभंग करणारा होता. दर लक्ष व्यक्तींमागे वर्षाला विषप्राशनाच्या घटना पेटी मिळालेल्या गावांत सुमारे २९३ आणि पेटी न मिळालेल्या गावांत सुमारे ३१८ होत्या. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक अर्थपूर्ण ठरला नाही.

असे का व्हावे, याची काही कारणे समजण्यासारखी आहेत. पेटी घरात, किल्लीही घरात, आणि ती कोठे टांगलेली असते हे सर्वांना ठाऊक, अशा स्थितीत कुलूप लहान मुलाला अडवेल, पण प्रौढाला अडविणार नाही. शेजारच्या घरी वा दुकानात तीच वस्तू मिळत असेल तर एका घराच्या पेटीला मर्यादा पडतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतीलच दुसऱ्या एका अभ्यासात तर असे दिसले, की पेटी मिळाल्यावर काही कुटुंबांनी पूर्वी शेतात ठेवलेले कीटकनाशक घरी आणले. सुरक्षिततेसाठी दिलेल्या वस्तूने विष घराच्या अधिक जवळ आले.

याच देशाने दुसऱ्या मार्गाने मात्र मोठे यश मिळविले. १९९५ मध्ये श्रीलंकेतील आत्महत्येचा दर लक्ष लोकसंख्येमागे सुमारे ४७ होता. त्या वर्षापासून अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली व पुढील वीस वर्षांत दर सुमारे ७० टक्क्यांनी घटला. या काळात सुमारे ९३ हजार जीव वाचले असा अंदाज २०१७ मध्ये मांडण्यात आला. भारतानेही ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने १८ कीटकनाशकांवर बंदी घातली. त्यांपैकी सहांवरील बंदी ३१ डिसेंबर २०२० पासून अमलात आली.

पेटी व बंदी यांच्यामध्ये एक तिसरा मार्ग आहे, तो सामुदायिक साठवणीचा. तामिळनाडूमध्ये डॉ. लक्ष्मी विजयकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गावांत कीटकनाशकांचे मध्यवर्ती भांडार उभारले. प्रत्येक शेतकऱ्याला स्वतंत्र कुलूपबंद कप्पा, भांडारावर व्यवस्थापक, आणि फवारणीच्या दिवशी हवे तेवढे काढून उरलेले परत ठेवणे अशी त्याची रचना होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक होते, मात्र प्रयोग लहान होता हे विसरता येत नाही. घरातील पेटी व गावातील भांडार यांत मूलभूत फरक असा, की भांडारात विष घराबाहेर जाते आणि ते मिळविण्यासाठी वेळ लागतो, वाट चालावी लागते, व दुसऱ्या माणसाला सामोरे जावे लागते. इस्रायलच्या छावणीत व निवडणूककाळातील पोलीस ठाण्यात नेमके हेच घडते.

६. गावपातळीवर काय करता येईल

उपरोक्त पुराव्याच्या आधारे इंझोरीसारख्या गावासाठी पाच सूत्रे मांडता येतात.

मात्रा : एका फवारणीला लागेल तेवढेच कीटकनाशक आणावे. जे घरात नाही त्याला कुलपाची गरज नसते. उधारीमुळे एकदम खरेदी करावी लागते ही अडचण खरी आहे. दुकानदाराने खाते चालू ठेवून माल टप्प्याने देणे हा तिच्यावरील व्यवहार्य तोडगा होऊ शकतो.

जागा : राहत्या घरात, धान्याजवळ वा माणसांच्या औषधांजवळ कीटकनाशक ठेवू नये. गावातील सेवा सहकारी संस्थेच्या गोदामात किंवा ग्रामपंचायतीच्या जागेत कुलूपबंद कप्पे करता आल्यास तो पर्याय अधिक चांगला. पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत ते ओतून ठेवणे सर्वांत धोक्याचे. रिकामी वेष्टने पुन्हा वापरू नयेत, ती मोडून पाण्याच्या स्रोतापासून दूर पुरावीत.

किल्ली : किल्ली कोणाकडे आहे हा साठवणीचा गाभा आहे. घरात ज्याच्यावर कर्जाचा, आजाराचा वा व्यसनाचा ताण आहे त्याच्याकडे ती असू नये. हे काम सहसा घरातील स्त्रियांवर सोपविले जाते. परंतु तणाव स्त्रियांनाही असतो, म्हणून शक्य असेल तेथे किल्ली घराबाहेरील विश्वासाच्या व्यक्तीकडे असणे बरे.

काळ : धोका वर्षभर सारखा नसतो. दुबार पेरणीची वेळ, अतिवृष्टीनंतरचे दिवस, सोंगणीनंतर भाव पडल्याचे आठवडे, कर्जवसुलीची नोटीस, घरातील मृत्यू, परीक्षेचा निकाल या प्रसंगी उरलेले कीटकनाशक घराबाहेर हलविणे ही शस्त्रे जमा करण्यासारखीच साधी प्रथा होऊ शकते. त्यात कोणाचा अपमान नाही.

बाजार : अत्यंत विषारी उत्पादनांऐवजी कमी विषारी पर्याय सुचविणे ही कृषी विभागाची, विद्यापीठांची व विक्रेत्यांची जबाबदारी आहे. यावरचा अंतिम निर्णय शासनाचा असतो, गावाचा नव्हे. परंतु कोणते उत्पादन मागावयाचे हे गाव ठरवू शकते.

७. एका आक्षेपाचा विचार

साधनांची चर्चा म्हणजे मूळ कारणांवर पांघरूण घालणे, असा आक्षेप घेतला जातो. कर्ज, नापिकी व भाव हे प्रश्न कायम ठेवून बाटली कुलपात ठेवल्याने काय साधणार, असे विचारले जाते. या आक्षेपात तथ्य आहे. साठवणीचा आग्रह धरून शासनाने किंवा समाजाने धोरणात्मक प्रश्नांतून अंग काढून घेणे अन्यायाचे होईल. तथापि धोरण बदलण्यास वर्षे लागतात, आणि ती रात्र आजची असते. जो त्या रात्री वाचतो त्यालाच पुढे कर्जमाफीचा, विम्याचा किंवा मुलाच्या नोकरीचा उपयोग होतो. दोन्ही कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणातही घातक साधनांची उपलब्धता कमी करण्याचा समावेश आहे.

मानसिक आरोग्याचे कामही याच्या जोडीने चालावे लागते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या 'विश्राम' प्रकल्पात गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या मदतीने नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. विदर्भातील माणूस मदत घेत नाही हे विधान यामुळे खोटे ठरते. मदत त्याच्या दारापर्यंत जात नव्हती, हे अधिक खरे.

८. महाविद्यालयाची भूमिका

ग्रामीण महाविद्यालयाच्या वर्गातील बहुसंख्य विद्यार्थी फवारणीची बाटली असलेल्या घरातून येतात. २०२० मध्ये वर्ग बंद झाले तेव्हा ते त्याच घरांत परतले, आणि शिक्षकाची त्यांच्यावरील नजर सुटली. यापुढील कोणत्याही संकटात, मग तो साथीचा रोग असो वा दुष्काळ, हे पुन्हा घडू शकते. म्हणून तयारी आधी हवी.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात दत्तक गावातील घरोघरी जाऊन कीटकनाशक कोठे ठेवले जाते, किल्ली कोणाकडे असते, मागील हंगामातील किती शिल्लक आहे, एवढे तीन प्रश्न विचारता येतील. नावे न नोंदविता केलेली अशी पाहणी विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा धडा व गावासाठी आरसा ठरेल. रसायनशास्त्राच्या अध्यापकाने वेष्टनावरील रंग शिकवावेत, मराठीच्या अध्यापकाने 'औषध' या शब्दावर वर्गात चर्चा घडवावी, अर्थशास्त्राच्या अध्यापकाने उधारी व साठा यांचा संबंध उलगडावा. विषय बहुशाखीय आहे तो याच अर्थाने.

निराश दिसणाऱ्या विद्यार्थ्याला आत्महत्येच्या विचाराबद्दल सरळ विचारले तर तो विचार त्याच्या मनात पेरला जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. अभ्यास ही भीती निराधार ठरवितात. विचारल्याने बहुधा मन मोकळे होते. त्यापुढचा प्रश्न 'घरात फवारणीचे औषध कोठे असते?' हा असावा व पालकांना विश्वासात घेऊन ते हलविण्यास सांगावे. मानसिक आधारासाठी शासनाची 'टेली-मानस' ही १४४१६ या क्रमांकावरील सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. विषबाधा झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालविता, बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी सोबत घेऊन रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचारास विलंब करण्याचे कारण नाही.

समारोप

बंदूक व कीटकनाशक या दोन वस्तूंचे जग वेगळे आहे. एक भयापोटी घेतली जाते, दुसरी पोटापाण्यासाठी. परंतु संकटकाळात दोन्ही वस्तू घराला एकच प्रश्न विचारतात : माणसाच्या सर्वांत वाईट क्षणी त्याच्यापासून मी किती अंतरावर असेन? कोळसावायू, छावणीतील बंदूक, श्रीलंकेतील बंदी व तामिळनाडूतील भांडार यांचा अनुभव सांगतो, की हे अंतर वाढविणे माणसांच्या हातात आहे. केवळ कुलपाने ते पुरेसे वाढत नाही. कमी मात्रा, घराबाहेरील जागा, दुसऱ्याच्या हातातील किल्ली आणि तणावाच्या दिवसांतील दक्षता यांनी ते वाढते. बंदुकीसाठी पावती देऊन पाळली जाणारी जी शिस्त प्रशासनाला निवडणुकीच्या काळासाठी आवश्यक वाटते, ती इंझोरीतील घराच्या कोनाड्यातील बाटलीसाठी मृगापासून दिवाळीपर्यंत पाळणे कठीण असले तरी अशक्य नाही. तिची सुरुवात वर्गात विचारलेल्या एका प्रश्नाने होऊ शकते.